गार्सिया द ओर्ता : गोव्याचा वनस्पतिपारखी वैद्य

उन्हाळा सरत आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कुळागरांत भिरंडीची झाडे तांबड्या-जांभळ्या फळांनी ओथंबून जातात. फळे फोडून साली वेगळ्या करावयाच्या, त्यांस फळांच्याच रसाची पुटे द्यावयाची आणि कडक उन्हात वाळवावयाच्या, हे सारे काम पहिल्या पावसापूर्वी उरकावे लागते. या वाळलेल्या सालींना गोमंतकात सोलां म्हणतात. आपण त्यांस आमसुले म्हणतो. कोकण सोडून कित्येक पिढ्या लोटल्या, बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस वाडे उभे राहिले, तरी आपल्या घरांतील आमटीत आमसूल पडल्याखेरीज तिला चव आल्यासारखी वाटत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या झाडाचे नाव गार्सिनिया इंडिका असे आहे. गोव्याचा इतिहास थोडाफार ठाऊक असलेल्या माणसास हे नाव ऐकताच गार्सिया द ओर्ता आठवतो आणि त्याच्याच स्मरणार्थ ते ठेवले असावे असा समज सहज होतो. समज चुकीचा आहे. ते नाव लोरां गार्सँ नावाच्या दुसऱ्याच एका निसर्गशास्त्रज्ञाचे आहे. परंतु भिरंडीचे फळ युरोपीय भाषेतील छापील पुस्तकात प्रथम आणणारा माणूस मात्र ओर्ताच. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, असा प्रकार त्याच्या वाट्यास जिवंतपणी आणि मेल्यावरही अनेकदा आला. म्हणून त्याचे चरित्र एकदा नीट सांगण्यासारखे आहे.

ओर्ताचा जन्म इ. स. 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हिद या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सरहद्दीला लागून आहे. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. तेथेही पाच वर्षांनी, 1497 मध्ये, सर्व यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. ते चर्चमध्ये जात, मुलांची नावे ख्रिस्ती ठेवीत. तरी शेजारपाजार त्यांचे मूळ विसरत नसे आणि सरकारही विसरत नसे. गार्सिया जन्मला तो या घरात. बाप फेर्नांव हा व्यापारी होता. मुलगा हुशार निघाला तेव्हा त्याला स्पेनमधील सालामांका आणि आल्काला द एनारेस या नामांकित विद्यापीठांत धाडण्यात आले. तेथे त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला, 1523 मध्ये तो गावी परतला, 1526 मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात तो अध्यापकही झाला.

त्या काळचे वैद्यक म्हणजे बव्हंशी ग्रंथप्रामाण्य होते. ग्रीकांपैकी डायोस्कॉरिडीस आणि गॅलन, अरबांपैकी इब्न सिना, यांनी जे लिहिले तेच अध्यापकाने वाचून दाखवावयाचे आणि विद्यार्थ्याने पाठ करावयाचे. या ग्रंथांत मिरी, वेलदोडा, कापूर, दालचिनी अशा पौर्वात्य द्रव्यांची वर्णने पानोपानी असत. परंतु मिरीची वेल कशी असते, कापूर झाडापासून निघतो की जमिनीतून, हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या वस्तूंचा उगम कधी पाहिलेला नव्हता. एका ग्रंथातील चूक दुसऱ्यात उतरे, भाषांतरात तिला आणखी फाटे फुटत आणि रुग्णाच्या पोटात भलतेच औषध जाई.

1534 च्या मार्च महिन्यात मार्तीं अफोंसू द सोझा हा मोठा दर्यासारंग हिंदुस्थानाकडे निघाला तेव्हा ओर्ता त्याचा वैद्य म्हणून त्याच्याबरोबर जहाजावर चढला. विद्यापीठातील जागा सोडून इतका दूरचा प्रवास त्याने का पत्करला याचे एक कारण उघड आहे. पौर्वात्य औषधी प्रत्यक्ष पाहण्याची त्याला ओढ होती. दुसरे कारण त्याने कुठे लिहून ठेवले नाही, परंतु तारखांवरून ध्यानात येते. पोर्तुगालात नवख्रिस्त्यांची झडती घेणारे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसविण्याच्या हालचाली तेव्हा चालू होत्या आणि 1536 मध्ये ते बसलेही. ओर्ता त्यापूर्वी दोनच वर्षे देश सोडून निघाला. तो परत गेला नाही.

सप्टेंबरात गलबते गोव्यास लागली. पहिली काही वर्षे तो सोझाबरोबर मोहिमांवर फिरला; दीव, काठेवाड, मलबारचा किनारा त्याने पाहिला. पुढे सोझा स्वदेशी परतला तेव्हा ओर्ता गोव्यातच राहिला आणि त्याने वैद्यकीचा जम बसविला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्यापासून बाजारातील व्यापाऱ्यांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण त्याच्याकडे येत. त्याने घरी औषधी वनस्पतींची बाग केली, पुस्तकांचा संग्रह केला, जवाहिराचा आणि औषधी द्रव्यांचा व्यापारही केला. ब्रियांदा द सोलिस या नात्यातल्याच सधन मुलीशी त्याचे लग्न झाले आणि त्याला दोन मुली झाल्या.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध येतो तो अहमदनगरच्या दरबारामुळे. बुऱ्हाण निजामशहा पहिला हा 1510 पासून 1553 पर्यंत तख्तावर होता. ओर्ता त्याच्या उपचारासाठी घाट चढून जाई आणि दोघांचा स्नेह जडला. निजामशहाच्या दरबारात इराणी, अरब आणि तुर्की हकीम होते. इब्न सिनाचा ग्रंथ ओर्ताने लॅटिन भाषांतरात वाचला होता. हे लोक तो मुळातून वाचीत. तेथे ओर्ताला एक नवी दृष्टी मिळाली. लॅटिन पुस्तकातील एखादे दुर्बोध नाव म्हणजे कोणत्या अरबी नावाचा अपभ्रंश आहे, हे हकीम सांगत. आणि ते अरबी नाव बाजारातील कोणत्या वस्तूला लागू पडते, हे दख्खनी आणि गुजराथी व्यापारी दाखवून देत. तेव्हापासून प्रत्येक द्रव्याची जितक्या भाषांतील नावे मिळतील तितकी गोळा करावयाची, ती वस्तू स्वतः पाहावयाची, चाखावयाची आणि मगच ग्रंथाशी ताडून पाहावयाची, ही त्याची रीत झाली.

1554 च्या सुमारास व्हाइसरॉयाने त्याला मुंबईचे बेट वार्षिक खंडाने दिले. तेव्हा मुंबई म्हणजे माडांची राई, भातखाचरे आणि कोळ्यांची वस्ती. ओर्ता राही गोव्यात. पण मुंबईतील त्याच्या वाडीतले आंबे गोव्यास येत आणि त्यांचे त्याला मोठे कौतुक होते. त्याच्या वाड्याच्या जागेभोवतीच पुढे इंग्रजांनी आपला किल्ला उभारला. घारापुरीच्या लेण्यांविषयीही त्याने लिहून ठेवले आहे.

तीस वर्षे पाहिले, विचारले, तपासले, त्याचा ग्रंथ 1563 च्या एप्रिलच्या दहाव्या दिवशी गोव्यात छापून झाला. गोव्यात छपाईची कला येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. मुद्रक जुआंव द एंदें हा होता. जुळाऱ्यांना सराव नव्हता, त्यामुळे ग्रंथात मुद्रणदोषांचा सुकाळ झाला आणि शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद, असे ग्रंथाचे नाव आहे. विद्वानांची भाषा लॅटिन असता त्याने तो पोर्तुगीज भाषेत लिहिला, व्यापाऱ्याला आणि खलाशालाही समजावा म्हणून. आरंभी कामोंइश या तरुण कवीची कविता आहे. पोर्तुगालचा हा महाकवी तेव्हा गोव्यात हलाखीत दिवस काढीत होता आणि त्याची कविता छापील रूपात प्रथम दिसली ती या औषधांच्या पुस्तकात, असे मानतात.

ग्रंथात 57 संवाद आहेत. रुआनो नावाचा एक वैद्य, ओर्ताचा जुना सहाध्यायी, स्पेनहून नुकताच गोव्यास उतरला आहे, अशी कल्पना केली आहे. रुआनो हा पुस्तकी पंडित. तो गॅलनचा आणि डायोस्कॉरिडीसचा आधार काढतो आणि ओर्ता त्याच्यापुढे प्रत्यक्ष वस्तू ठेवतो. मध्येच आंतोनिया नावाची दासी हाक मारताच बागेतून फळ किंवा पाला घेऊन येते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही भेटतो. जाणते लोक म्हणतात की, रुआनो आणि ओर्ता ही दोन माणसे नव्हेतच. गोव्यास उतरला तेव्हाचा ओर्ता आणि तीस वर्षांनंतरचा ओर्ता एकमेकांशी बोलत आहेत. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलनच्या विरुद्ध बोलावयास धजलो नसतो, अशी कबुलीही त्याने यात देऊन टाकली आहे.

दहावा संवाद आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. त्यात बोर, भिरंड आणि दख्खनच्या राजांची नावे व किताब, असे तीन विषय एकत्र आले आहेत. बोराला गोव्याकडे बोर म्हणतात, दख्खनी लोक बेर म्हणतात आणि मलायात आणखी तिसरेच नाव आहे, हे तो टिपतो. भिरंडीला त्याने ब्रिंदांव असे पोर्तुगीज रूप दिले. फळ बाहेरून तांबूस, आत रक्तासारखे लाल आणि चवीस फार आंबट, हे त्याचे वर्णन आजही कुणी खोडून काढू शकणार नाही. दुसरीकडे त्याने महामारीचे म्हणजे पटकीचे हुबेहूब वर्णन केले आहे आणि तिचे देशी नाव मोर्शी असे दिले आहे. आपल्या मोडशी या शब्दाचेच ते रूप होय. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज ग्रंथात आपल्या आजीच्या तोंडचा शब्द असा अवचित भेटतो.

ओर्ताची पारख कशी चाले हे पाहावयाचे तर मिरीचे उदाहरण घ्यावे. प्राचीन ग्रीक ग्रंथांची समजूत अशी की, पिंपळी म्हणजे मिरीच्याच झाडाला प्रथम येणारे कोवळे फळ. ओर्ताने मलबारात मिरीच्या वेली पाहिल्या होत्या आणि पिंपळी बंगालकडून येते हे त्याला ठाऊक होते. दोन्ही झाडे निराळी, प्रदेश निराळा, फळाची घडण निराळी. तेव्हा पिंपळी ही मिरीची बाल्यावस्था नव्हे, असे त्याने स्वच्छ सांगितले. तसाच घोळ विड्याच्या पानाचा आणि तमालपत्राचा. दोन्ही सुवासिक, दोन्ही हिंदुस्थानची, दोन्ही पानेच, म्हणून लिहिणारे दोहोंची गल्लत करीत. इब्न सिनाने त्यांची प्रकरणे वेगळी लिहिली आहेत, याकडे ओर्ताने बोट दाखविले आणि एक वेलीचे पान, दुसरे वृक्षाचे, असा निवाडा केला. त्याच्या चुकाही झाल्या. काळी मिरी आणि पांढरी मिरी यांच्या वेली वेगळ्या असतात, असे त्याने ऐकीव माहितीवरून लिहिले. वस्तुतः दाणा एकाच वेलीचा. साल काढून टाकली की तो पांढरा. जेथे त्याने स्वतः पाहिले नाही तेथे तोही इतरांसारखाच फसला.

ओर्ताने जाती वेगळ्या केल्या, परंतु त्यांची घराणी लावली नाहीत. ती दृष्टी त्या काळी कुणाजवळच नव्हती. हे काम जवळजवळ दोनशे वर्षांनी स्वीडनमधील लिनिअसने केले. 1753 च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते तसेच. फक्त आडनाव आधी आणि नाव मागून. या पद्धतीने पाहिले म्हणजे ओर्ताचा निवाडा अधिक स्पष्ट होतो. मिरी ही पायपर नायग्रम, पिंपळी ही पायपर लाँगम आणि विड्याचे पान हे पायपर बीटल. म्हणजे तिन्ही एकाच घराण्यातील सख्खी भावंडे, पण व्यक्ती तीन. तमालपत्र मात्र या घरचे नव्हेच. ते दालचिनीच्या सिनॅमोमम घराण्यातले. वेगळ्यांना वेगळे करणे ही पहिली पायरी आणि वेगळ्यांतील नाते ओळखणे ही दुसरी.

ही दुसरी पायरी किती अवघड असते हे डिचोलीच्या वाटेवर पावसाळ्यात दिसते. जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, विहिरीच्या आतल्या ओल्या भिंतींवर जमिनीसरपट वाढणारे हिरवे, चपटे, दोन-दोन फाटे फुटत जाणारे पापुद्रे दिसतात. त्यांना मूळ, खोड, फूल यांपैकी काहीच नसते. आपण त्यांना सरसकट शेवाळ म्हणतो. शास्त्रात त्यांना यकृतका म्हणतात, कारण युरोपात त्यांचा आकार यकृतासारखा वाटला आणि म्हणून ती यकृताच्या विकारावर गुणकारी असलीच पाहिजे असे वैद्य मानीत. ओर्ताच्या काळचे युरोपीय वैद्यक असे रूपावरून गुण ठरविणारेही होते. खुद्द लिनिअसला ती नीट लावता आली नाहीत. फुलांवरून वर्ग पाडणारा तो. फूलच नाही म्हटल्यावर त्याने त्यांना शैवलांच्या गटात ढकलून दिले.

आज यकृतकांची प्रजाती ठरविणारा अभ्यासक भिंगाखाली पापुद्रा उलटासुलटा करून पाहतो. वरच्या बाजूस हवेची छिद्रे कशी बांधली आहेत, खालच्या बाजूस मुळांचे काम करणारे केस आणि खवले कसे आहेत, पुनरुत्पादनाचे अवयव देठावर उभे राहतात की पापुद्र्यातच बुडालेले असतात, याची नोंद घेतो. पृष्ठभागावर बारीक गोल प्याले असले तर मार्कँशिया, चंद्रकोरीसारखे असले तर लुन्युलेरिया. मार्कँशिया हे नाव 1713 मध्ये एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ठेवले. रिक्सिया नावाच्या प्रजातीत तर एक जात दुसरीपासून ओळखावयाची म्हणजे तिच्या बीजाणूंवरील नक्षी सूक्ष्मदर्शकातून पाहावी लागते. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. वरवरच्या साम्याने फसू नये आणि पाहिल्याखेरीज निवाडा देऊ नये, हा या शास्त्राचा कणा आहे. सूक्ष्मदर्शक हाती नसताना आणि शास्त्राला नावही नसताना ओर्ता गोव्यात तेच करीत होता.

ज्याने वनस्पतींच्या बाबतीत हा न्याय पाळला, त्याला आणि त्याच्या घरच्यांना मात्र माणसांच्या राज्यात तो मिळाला नाही. ओर्ता गोव्यात आला तेव्हा नवख्रिस्त्यांना येथे थोडी मोकळीक होती. ती फार दिवस टिकली नाही. 1543 मध्ये जेरोनिमु दियश नावाच्या एका नवख्रिस्ती वैद्याला यहुदी मते बाळगल्याच्या आरोपावरून गोव्यातच मारून जाळण्यात आले. त्याच व्यवसायातला, त्याच कुळीचा माणूस. ओर्ताला त्याचा अर्थ कळला नसेल असे संभवत नाही. 1547 मध्ये तिकडे पोर्तुगालात त्याच्या आईला आणि बहिणींना धर्मन्यायालयाने कैद केले. सुटका झाल्यावर 1549 मध्ये आई आणि बहीण कातारिना गोव्यास येऊन त्याच्या आश्रयाला राहिल्या. पण ज्याच्या भीतीने त्या आल्या तेच मागून आले. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली.

त्या काळचा गोवा म्हणजे आजचा गोवा नव्हे. पोर्तुगिजांच्या ताब्यात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढेच होते. डिचोली आणि पेडणे हे मुलूख आदिलशाहीच्या छायेत होते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते पोर्तुगिजांकडे गेले नाहीत. तिसवाडीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा हिंदूंनी आपले देव नदीपार नेले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर असाच डिचोलीतील नार्वे येथे आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्यांना देव घेऊन जाता आले ते असे पलीकडे गेले. ओर्ताजवळ न्यावयास मूर्तीही नव्हती आणि देऊळही नव्हते. त्याचे जे काही होते ते मनात होते, आणि ते घेऊन तो व्हाइसरॉयाच्या दरबारात रोज वावरत होता.

त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर अभय देणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची नावे आहेत. एक व्हाइसरॉय आणि दुसरा गोव्याचा इन्क्विझिटर आलेइशु दियश फाल्कांव. एकेका शब्दाचे मूळ खणून काढणारा, अरबी नावे यहुदी हकिमांच्या इतक्याच सहजतेने उलगडणारा हा लेखक स्वतःच्या मुळाविषयी त्या शेकडो पानांत एक अक्षर काढीत नाही. प्रत्येक वस्तूचे खरे नाव सांगा असा ज्याचा आग्रह, त्याला स्वतःवर दुसरीच चिठ्ठी चिकटवून आयुष्य काढावे लागले.

1568 मध्ये ओर्ता गोव्यात वारला. अंथरुणावर, मानमरातबात. त्याच वर्षी कातारिनाला पकडण्यात आले आणि 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या आणि इतर नातलगांच्या जबान्यांतून ओर्ताही आतून यहुदीच होता असे न्यायालयाने ठरविले. मेलेल्या माणसावर खटला चालला. 4 डिसेंबर 1580 रोजी त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढण्यात आल्या आणि जाळण्यात आल्या.

अस्थी जाळता आल्या, ग्रंथ जाळता आला नाही. तो आधीच गोव्याबाहेर गेला होता. 1564 मध्ये कार्लुस क्लुसियुस हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ पोर्तुगालात प्रवास करीत असता एक प्रत त्याच्या हाती पडली. त्याने तिचा लॅटिन संक्षेप केला आणि 1567 मध्ये अँटवर्पच्या प्लांतँच्या छापखान्यातून प्रसिद्ध केला. ओर्ता तेव्हा हयात होता. संवाद, रुआनो, आंतोनिया, निजामशहाच्या गोष्टी, हे सारे क्लुसियुसने गाळले. वनस्पतींची माहिती तेवढी ठेवली आणि चित्रे घातली. या संक्षेपाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि युरोपभर हिंदुस्थानच्या वनस्पतींचे ज्ञान मुख्यतः तिच्याच द्वारे पसरले. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाल आकोस्ता याने स्पेनमध्ये याच विषयावर सचित्र ग्रंथ काढला; त्यातील पुष्कळसा मजकूर ओर्ताचाच होता.

जे ओर्ताच्या बाबतीत घडले तेच काहीसे त्याला माहिती देणाऱ्यांच्या बाबतीतही घडले. कोकणी वैद्य, गुजराथी गंधी, पाला आणणाऱ्या दासी यांच्या ज्ञानावर तो ग्रंथ उभा आहे. पण मालुपा आणि आंतोनिया यांच्यासारखी एकदोन नावे सोडली तर ते अनामिकच राहिले. हा अन्याय शंभर वर्षांनी कोचीनला थोडासा भरून निघाला. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा 12 खंडांचा ग्रंथ 1678 पासून काढला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे, नागरी लिपीतील त्यांच्या हस्ताक्षरासह, साक्षपत्र छापले आहे.

आता पुन्हा भिरंडीकडे येऊ. ओर्ताच्या ब्रिंदांव शब्दातूनच पुढे एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाच्या प्रजातीला ब्रिंदोनिया असे नाव दिले. आपल्या भिरंडीचा शब्द अशा रीतीने शास्त्रीय लॅटिनमध्ये जाऊन बसला होता. परंतु फुलांची आणि फळांची घडण बारकाईने पाहता हे झाड मँगोस्टीनच्या घराण्यातलेच आहे असे दिसून आले. मँगोस्टीनची प्रजाती लिनिअसने आधीच गार्सिनिया या नावाने स्थापिली होती, लोरां गार्सँच्या गौरवार्थ. कारण डच कंपनीच्या चाकरीत असता त्याने त्या झाडाचे काटेकोर वर्णन केले होते. शास्त्राचा नियम असा की, दोन प्रजाती एकच ठरल्या तर आधीचे नाव टिकते. म्हणून 1824 मध्ये भिरंड गार्सिनिया इंडिका झाली आणि ब्रिंदोनिया हे नाव मागे पडले. यात कुणाचा द्वेष नव्हता. पुरावा पाहून केलेला तो निवाडा होता, आणि उद्या नवा पुरावा आला तर तोही बदलता येईल. ओर्ताने त्यास हरकत घेतली नसती. मेलेल्या माणसाला थडग्यातून काढून दिलेला निवाडा वेगळा. तो बदलण्याची सोय ठेवलेली नव्हती. गोव्याचे ते न्यायालय 1812 मध्ये कायमचे मोडले, पण आरोपी तेव्हा राखेच्या रूपानेही उरला नव्हता.

त्यानंतरही ओर्ता अर्धामुर्धाच लोकांस ठाऊक होता. 1886 मध्ये फिकाल्युच्या काउंटने त्याचे विद्वत्तापूर्ण चरित्र लिहिले, मूळ पोर्तुगीज ग्रंथ टीपांसह पुन्हा प्रसिद्ध केला. 1913 मध्ये सर क्लेमंट्स मार्कम याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पण कातारिनाची आणि त्या अस्थींची हकीकत दोघांनाही ठाऊक नव्हती. ती 1934 मध्ये, ओर्ता गोव्यास आल्याला बरोबर चारशे वर्षे झाली तेव्हा, इन्क्विझिशनच्या दप्तरातून एका पोर्तुगीज संशोधकाने बाहेर काढली. पोर्तुगालने 1971 मध्ये आपल्या वीस एस्कुदुंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. ज्या राज्याने त्याची हाडे जाळली त्याच राज्याची ती नोट.

पणजीत चर्चजवळची नगरपालिकेची बाग त्याच्या नावाने ओळखली जाते. संध्याकाळी तेथे म्हातारी माणसे बाकांवर बसतात, मुले खेळतात. पेडण्याहून किंवा डिचोलीहून कामासाठी आलेला एखादा माणूस बस सुटेपर्यंत सावलीत टेकतो, आणि वैशाखाचे दिवस असले तर त्याच्या पिशवीत पणजीतल्या नातलगांसाठी आणलेली भिरंडे असतात.